अष्टमीची लाँच

मुंबईतल्या मित्रांनी मला 'अष्टमी' असं नाव ठेवलंय. "अष्टमी गुरुवारी येतोय", "थांब, अष्टमीला विचारून सांगतो". ऐकणाऱ्याला वाटावं, हा कुठल्यातरी देवीचा उपासक असणार, निदान त्या दिवशी उपास तरी करत असणार. तसलं काही नाही. मी रेवसच्या अंगाला राहतो, ते मुंबईत राहतात आणि मधे पाणी आहे. माझा नि अष्टमीचा संबंध एवढाच.

रस्त्याने जाता येत नाही असं नाही. वडखळ, पेण, पनवेल करत वाशीच्या खाडीवरून आत शिरायचं. किती तास लागतील ते निघताना विचारायचं नाही. मांडव्याहून गेटवेला कॅटमरान आहे. 2020 पासून मांडव्याहूनच भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट सुरू झाली. तिच्या पोटात गाडी घालायची आणि वर गारेगार हवेत काचेतून समुद्र बघायचा. घरची मंडळी तशीच जातात. सून तर मला दरवेळी सांगते, "बाबा, अहो, इतकी सोय झालीय, कशाला त्या लाँचने जाता?" तिला मी अजून नीट उत्तर देऊ शकलेलो नाही. रो-रो चांगली आहे. फक्त तिच्यात बसलं की बोटीत बसल्यासारखं वाटत नाही, एखाद्या प्रतीक्षालयात बसलोय आणि प्रतीक्षालयच मुंबईला निघालंय असं वाटतं.

रेवसची लाँच म्हणजे लाकडी बाकं, वर छप्पर, दोन्ही बाजू उघड्या, कडेला दोराने बांधलेले जुने टायर. सव्वा तासात भाऊचा धक्का. कधी दीड तास. तो कमी-जास्त वेळ का, हे कुणी विचारत नाही.

आता अष्टमीचं. रेवसचा धक्का धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी आहे. खाडी वरून गाळ घेऊन येते आणि तोंडाशी पोचली की दमल्यासारखी खाली टाकते. त्यामुळे ओहोटीला धक्क्यापुढे लाँच तरंगेल एवढं पाणी राहत नाही. भिंतीवर वेळापत्रक असतं, पण त्याच्यावर चंद्राची सही लागते. सही नसेल तर सगळे निमूट बसून राहतात.

भरतीची वेळ काढायचं गणित आमच्याकडे पोरासोरांनाही येतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. दशमीला साडेसात. दर तिथीला पाणी पाऊण तास पुढे सरकतं, घड्याळाच्या हिशोबाने पन्नास मिनिटांच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला गणिताने सव्वाअकरा येतात आणि पाणी भरतं बाराच्या सुमाराला. तेवढी खोट चालवून घ्यायची. कागद नको, मोबाईल नको, घरात कॅलेंडर असलं की झालं. माझे आजोबा तर कॅलेंडरही बघत नसत. रात्री अंगणात चूळ भरायला जायचे, वर एकदा बघायचे आणि आत येऊन सांगायचे, "उद्या नवाला निघा."

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी एका पौर्णिमेला मी फसलोच. दुपारी बाराची भरती म्हणजे सहाला सुकती. तीनच्या आत मुंबईहून निघायला हवं होतं. पण मित्रांकडे गप्पांना ऐन रंग भरला होता, आणि साडेचारची लाँच आहे असं कुणीतरी म्हणाल्यावर मी गणित सोयीस्करपणे विसरलो. लाँच खरंच सुटली. रेवसचा धक्का समोर आला, त्यावर उभी असलेली माणसं ओळखू यायला लागली, आणि खालून कुणीतरी हळूच पाय धरावा तशी ती थांबली. इंजिनाने जोर केला. मागचं पाणी चहासारखं झालं. एक इंच नाही. सारंगाने इंजिन बंद केलं, विडी काढली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "आता आठाला."

दोन तास आम्ही चिखलात बसून होतो. धक्का इतका जवळ की काठावरच्या माणसाशी बोलता येत होतं. एका बाईंनी बोटीतूनच ओरडून नवऱ्याला भात लावायला सांगितला. पौर्णिमेचं उधाण असलं की पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली ओसरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आणि पावसाळ्यात अशा भरत्यांच्या तारखा वर्तमानपत्रं आधीच छापून ठेवतात. ती ओसरते तेव्हाची बातमी मात्र कुणी छापत नाही. खाडीच्या वरच्या अंगाला चंद्र उगवला, चांगला परातीएवढा. एरवी मी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं असतं. त्या दिवशी त्याच्याकडे बघून एक सणसणीत शिवी हासडावीशी वाटली, कारण पाणी पळवणारा तोच होता.

त्या दोन तासांत मी अष्टमी शोधून काढली. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती. सकाळी सात-सव्वासातला निघा, पाणी आहे. दुपारी चारला मुंबईहून निघा, सव्वापाचला रेवसला पाणी आहेच, उलट चढतंय. मधली ओहोटी आपण मुंबईत असताना होऊन जाते. शिवाय अष्टमी म्हणजे भांग. उधाणाच्या उलट, पाण्याची चढ-उतार कमी, त्यामुळे तळही फारसा उघडा पडत नाही. महिन्यातून दोन अष्टम्या, एक शुद्ध, एक वद्य. मित्रांना भेटायला याहून सोयीचा दिवस साक्षात वरुणालाही काढून देता आला नसता. मी मुंबईला फोन करून हे जाहीर केलं तेव्हा गिरगावातला मित्र म्हणाला, "म्हणजे आता तुला तारीख विचारायची नाही, तिथी विचारायची? श्राद्धाला बोलावतात तसं?" तेव्हापासून माझं बारसं झालं.

गेल्या वेळची माघ वद्य अष्टमी. सव्वासातची लाँच, सूर्य नुकता वर आलेला आणि अर्धा चंद्र थेट डोक्यावर, पुसट, पाटीवरचा खडू ओल्या फडक्याने पुसल्यावर उरतो तेवढा. जमिनीकडून मतलई वारा होता. त्याला अजून रात्रीच्या धुराचा आणि सुक्या गवताचा वास होता. दुपारी हाच वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा होऊन येतो.

लाँच सुटताना मी नेहमी सारंगाच्या जवळची जागा धरतो. तिथे चाकाशेजारून एक दोरी खाली इंजिनाच्या खोलीत जाते आणि दोरीच्या टोकाला घंटा आहे. सारंगाला इंजिन दिसत नाही, खालच्या ड्रायव्हरला समुद्र दिसत नाही. दोघांचं बोलणं फक्त त्या दोरीवर चालतं. सारंग दोन बोटांनी दोरी ओढतो, खाली टण्ण होतं, क्षणभर काहीच घडत नाही आणि मग सगळी फळी न् फळी थरथरायला लागते. धक्का जवळ आला की पुन्हा टण्ण, थरथर मंदावते. मी पंचवीस-तीस वर्षं ते ऐकतोय. एकदाही ड्रायव्हरने वर डोकं काढून "काय म्हणालास?" असं विचारलेलं नाही. घरात आम्हा दोघांचं एवढं जमलं असतं तर! असो.

धक्का सुटला की उजव्या हाताला करंजा आणि त्यामागे द्रोणागिरीचा डोंगर. रेवस ते करंजा अंतर इतकं थोडं की पूल होणार, पूल होणार हे मी अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय. डावीकडे बंदराचं तोंड उघडं होतं आणि तिथून खरा समुद्र आत डोकावतो. नांगरलेली जहाजं सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी असतात. ओहोटी लागलेली असते, पाणी बंदरातून बाहेर निघालेलं असतं, आणि जहाजं त्याच्याकडे तोंड करतात. आम्हीही त्या पाण्याच्या विरुद्धच जात असतो. गंमत अशी, की संध्याकाळी परतताना भरती लागलेली असते, तेव्हा पाणी बंदरात आत शिरत असतं आणि आम्ही बाहेरच्या दिशेला. म्हणजे अष्टमीच्या माणसाला जातानाही पाणी तोंडावर आणि येतानाही तोंडावर. लाँच मुळात सावकाश, त्यात हे. दोन्ही वेळा समुद्र छातीवर हात ठेवून म्हणतो, जरा दमानं.

या पट्ट्यात आली की माझी आजी बोलायची थांबायची. आम्ही लहान होतो, बोटीत धुडगूस घालायचो. ती हात जोडून काहीतरी पुटपुटायची आणि मग आम्हाला म्हणायची, "गप बसा रे, इथं माणसं आहेत." आम्ही वाकून पाण्यात बघायचो. पुढे कळलं. 17 जुलै 1947 ला सकाळी 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, सात-साडेसातशे माणसं घेऊन. आषाढ अमावास्येचा सुमार, ऐन पावसाळा, मुंबईत कामधंदा करणारी माणसं घरी चाललेली. काशाच्या खडकाजवळ वादळात बोट कलली, घाबरून लोक एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांच्या होड्या वाटेत होत्या, त्यांनी मासळी टाकून हाती लागतील तेवढ्यांना वर ओढलं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता की सकाळी गेलेली बोट पोचलीच नाही. स्वातंत्र्य एका महिन्यावर आलेलं होतं.

आजीला तारीख माहीत नव्हती, आकडा माहीत नव्हता. तिला तिच्या शेजारची दोन घरं माहीत होती. मी हात जोडत नाही, पण त्या भागात माझंही बोलणं आपोआप थांबतं. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरांचं थांबत नाही, ती फोनमध्ये हसत असतात. ते ठीकच आहे.

कोकणातल्या घराघरांत बोटीची एक तरी गोष्ट असतेच. आमच्याहून खालच्या अंगाला, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशी मुंबईची आगबोट बंदर घेत घेत जायची. बहुतेक ठिकाणी ती लांब उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, बाळंतिणी सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. पावसाळ्यात वाहतूक बंद. मग एसटी आली, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि बोट लोकांच्या आठवणीत तेवढी उरली. आठवणीत आणि भाषेत. आजही घाटात एसटीने वळणं घेतली की कुणीतरी खिडकीशी तोंड नेतं आणि शेजारचा म्हणतो, "गाडी लागते वाटतं." हे 'लागणं' आलं 'बोट लागते' यातून, असं आपलं माझं मत. दारू चढते, ऊन बाधतं, पण बोट 'लागते', दृष्ट लागते तशी.

आमच्या गिरगावातल्या मित्राला बोट लागते. कॉलेजात असताना आम्ही चौघे एकदा घारापुरीला गेलो होतो, गेटवेवरून. जेमतेम तासाभराचा प्रवास. लेणी बघताना हा त्रिमूर्तीच्या पायाशी भिंतीला पाठ लावून बसला होता आणि एकच प्रश्न विचारत होता, "परत जायला रस्ता नाही का?" त्यानंतर तो पाण्यावर पाऊल ठेवायला तयार नाही. समुद्रापासून पाच मिनिटांवर जन्म काढलेला माणूस, चौपाटीवर रोज फिरायला जातो, पण वाळू ओली लागली की मागे सरतो.

घारापुरी आता उजवीकडून सरकत होती. तिच्या अलीकडे जवाहर द्वीप, जुने लोक बुचर बेट म्हणतात ते, तेलाच्या टाक्या आणि टँकर. मागे न्हावा-शेव्याच्या क्रेना, धुक्यात माना वर केलेल्या जिराफांसारख्या. थंडीत कुरव येतात, लाँचच्या मागे डोळ्यांच्या उंचीवर तरंगत राहतात, पंख न हलवता. लोक त्यांना कुरकुरे घालतात. मला ते आवडत नाही, पण एकदा मीही घातलेत.

आणि मग डावीकडे मुंबई. रस्त्याने गेलं तर मुंबई कुठे सुरू झाली ते कळत नाही. मानखुर्द, चेंबूर, सिग्नल, पुन्हा सिग्नल, आणि कधीतरी लक्षात येतं की आपण केव्हाचे आत आहोत. पाण्यावरून ती एकदम सबंध दिसते, आणि लहान दिसते. आधी नुसती करडी रेघ. मग रेघेला दात येतात. मग कुलाब्याकडचा टोकाचा भाग वेगळा होतो, ताजचा घुमट, गेटवे, नौदलाच्या गोदीतल्या राखाडी युद्धनौका, गोदामांची छपरं. उत्तरेला लांबवर अटल सेतू, 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला. जवळजवळ बावीस किलोमीटर लांबी, त्यातला साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. लाँचमधून तो कुणीतरी बंदरावर वाळत घातलेल्या दोरीसारखा दिसतो. त्यावरून जाणाऱ्यांचे वीस मिनिटांत बंदर पार होते. आम्हाला तेवढ्या वेळात एखादं नांगरलेलं जहाज पुरतं, त्याचं नाव वाचायचं, बंदर कुठलं ते वाचायचं, कठड्यावर वाळत घातलेले कपडे मोजायचे.

या सव्वा तासात माझ्यातला रोजचा माणूस हळूहळू गळतो. विजेचं बिल, विहिरीचा पंप, नारळ पाडायला न येणारा गडी, हे सगळं द्रोणागिरी मागे पडेपर्यंत सोबत असतं. बुचर बेटापाशी मी मित्रांशी मनात बोलायला लागलेला असतो. मागल्या खेपेला कुठे तुटलं होतं, कुणाची कुठली तपासणी व्हायची होती, कुठला वाद अर्धा राहिला होता. गाडीने गेलो की मी त्यांच्या दारात उभा असतो आणि डोक्यात अजून वाशीचा टोलनाका असतो.

भाऊचा धक्का वासाने आधी येतो. डिझेल, बर्फ, मासळी. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांनी हा धक्का बांधला. एवढ्या मोठ्या माणसाला शहराने नुसतं 'भाऊ' म्हणून लक्षात ठेवलं हे मला फार आवडतं. घंटा वाजते, थरथर मंदावते, खलाशी दोर फेकतो. अष्टमीला मी पोचतो तेव्हा पाणी बरंच उतरलेलं असतं, त्यामुळे खालच्या पायऱ्या शेवाळाच्या, हिरव्या, निसरड्या. खलाशी प्रत्येकाचं मनगट धरून वर ढकलतो, हात धरत नाही, मनगट धरतो. हात सुटतो, मनगट सुटत नाही, असं त्यानेच एकदा सांगितलं.

गिरगावातला वर उभा होता, बगलेत वर्तमानपत्र. तो पायऱ्यांपर्यंत येत नाही. आठ-दहा पावलं मागे, कोरड्या जमिनीवर थांबतो आणि तिथूनच घड्याळ दाखवतो.

दिवसभराचं काय सांगायचं? माझगावच्या मैत्रिणीकडे जमलो. चार माणसं, एकाच वेळी तिघं बोलणारी. तेच जुने मास्तर, तीच जुनी भांडणं, गोळ्यांची नावं मात्र नवी. तीन वाजले की माझं लक्ष दाराकडे जातं आणि सगळ्यांना राग येतो. "राहा रे आजच्या दिवस," असं दरवेळी कुणीतरी म्हणतं. राहायला काहीच हरकत नसते. पण उद्या नवमी, परवा दशमी, पाणी पुढे पुढे सरकत जाणार, आणि मला आपलं वाटतं की ज्या पाण्याने आलो त्याच पाण्याने जावं.

धक्क्यावर सोडायला गिरगावातला आला. चारला पाच कमी. चढतं पाणी हिरव्या पायऱ्या एकेक करून झाकत होतं. या वेळी तो कोरड्या जमिनीवर थांबला नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी आला, कठडा धरून खाली बघितलं, दोन पायऱ्या उतरला. मी काही बोललो नाही. खलाशाला वाटलं हा पण येणार, त्याने सवयीने मनगटासाठी हात पुढे केला. तसा तो झटकन मागे सरला आणि वर जाऊन उभा राहिला.

मी बाकावर बसलो. "आता चैत्र शुद्ध अष्टमी," मी खालून ओरडलो. "रामनवमीच्या आदल्या दिवशी."

त्याने वर्तमानपत्र बगलेत घट्ट केलं आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला लागला. एक, दोन, तीन. ओठ हलत होते. टण्ण झालं, बाक थरथरायला लागला, दोर सुटला आणि मधे हातभर पाणी आलं.

"रामनवमीलाच ये ना," तो ओरडला. "पावणेसात होतात. पाऊण तास जास्त बसशील!"

मी मनातल्या मनात नवाची पाऊणपट केली. बरोबर होतं.